सायकल घसरली नव्हती

मातेला सांभाळायला गेलो आणि माणूस उडवला. कितीतरी दिवस हे वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं, आणि फिरून फिरून एकाच प्रश्नावर येऊन थांबायचं. मग माता होती कुठे? तिचंच काम करत होतो ना मी? कुणा दारूड्याच्या हातून असं घडलं तर समजू शकतो, पण मी तर तिलाच घरी घेऊन चाललो होतो. मी काही मोठा भक्त नाही. लिंबायतच्या मराठी शाळेत दहावी केली, ड्रायव्हिंग शिकलो, देवाला जाता-येता हात जोडले, एवढंच. पण त्या श्रावणातल्या एका शनिवारी माझ्यासोबत जे घडलं ते लिहून ठेवावं असं फार दिवसांपासून वाटतंय. चमत्कार होता की नव्हता ते मला विचारू नका.

कानबाई ही आम्हा खानदेशी लोकांची माता. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला घरात बसवतात. आमच्या भावकीत तिचा नारळ पिढ्यान् पिढ्यांचा आहे, डोळे आणि नथ लावलेला, आणि ज्या घरची पाळी असेल त्या घरी तो आणायचा. त्या वर्षी पाळी आमची, गोडादऱ्याच्या घराची. नारळ कडोदऱ्याला मोठ्या आबांकडे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाकडे होता. आणण्याची रीत अशी की निघाल्यापासून चौरंगावर बसेपर्यंत माता कुठेही खाली टेकता कामा नये. म्हणून आणायला दोघं जातात, आणि एकाने तिला मांडीवर घेऊन बसायचं असतं.

मी तेव्हा पलसाण्याच्या एका डाइंग मिलची स्टाफ व्हॅन चालवायचो. सकाळी कारागिरांना मिलच्या गेटवर सोडून रिकामी गाडी परत यायची आणि कडोदरा वाटेतच पडायचं. आबा म्हणाले, "थांब रे, आंघोळ करून येतो मी बरोबर." पण मला दम कुठला! दहा वाजता मॅनेजरला स्टेशनवरून आणायचं होतं. म्हटलं, आबा, मी नेतो की, लहान आहे का मी? लाल कापडात गुंडाळलेली माता टोपलीत ठेवली, टोपली शेजारच्या सीटवर ठेवली आणि वरून सीटबेल्ट लावला. स्वतःच्या हुशारीवर हसलोसुद्धा.

कॅनॉलच्या रस्त्याला लागलो. बारीक भुरभुर चालू होती, रस्त्यावर फारसं कोणी नव्हतं. खड्डा दिसला म्हणून ब्रेक मारला, तर टोपली कलंडली आणि नारळ घरंगळत सीटच्या कडेला आला. माझा डावा हात आपोआप तिकडे गेला आणि नजरही गेली. माता हातात आली तेव्हा खालच्या मॅटपासून वीतभर वर होती. त्याच वेळी सायकलची घंटी ऐकू आली, दोनदा, अगदी जवळ. आणि मग धडक.

सायकलवाला कॅनॉलच्या रेलिंगला दाबला गेला होता. डोक्यातून रक्त येत होतं, एक हात भलताच वाकला होता, आणि सायकलच्या हँडलचं टोक त्याच्या पोटात रुतलं होतं. माता टोपलीत ठेवून मी गाडी मागे घेतली तेव्हा हँडल सुटलं आणि तो खाली बसला. हे सगळं पाहणारा मी एकटाच होतो. तेवढ्यात मागून एक रिक्षावाला आला आणि गुजरातीत ओरडला, "शुं थयुं?" ड्रायव्हरला लोक कसे मारतात ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तोंडातून निघून गेलं, "सायकल घसरी गई."

ठरवून बोललो नव्हतो, पण एकदा बोललो ते बोललो. रिक्षावाल्याने त्याला माझ्या व्हॅनमध्ये घालायला मदत केली. जवळच्या एका लहान दवाखान्यात नेलं, तिथेही काउंटरवर तेच सांगितलं. पडलेला दिसला, उचलून आणला. नर्स म्हणाली, "तमारा जेवा माणस क्यां मळे आजकाल!" मी मान खाली घातली आणि तिला वाटलं, पोरगा लाजला.

त्याचं नाव तपन. ओडिशाचा, लूम्सवर कामाला. त्याच्या मोबाइलवरून फोन केला तर बायको धावत आली, पायांत एक चप्पल एका जातीची आणि दुसरी दुसऱ्या जातीची. तो शुद्धीवर होता, पण काय झालं ते त्याला काही आठवत नव्हतं, सारखं विचारायचा, मी इथे कसा? नर्सने तिला माझ्याकडे बोट दाखवलं. ती आली आणि काही कळायच्या आत तिने वाकून माझ्या पायांना हात लावले. "भगवान बनके आए आप," म्हणाली. देवाशपथ सांगतो, लोकांनी रस्त्यावर मारलं असतं तर परवडलं असतं.

डोक्याला टाके पडले, हाताला प्लास्टर लागलं. सायकलवरून घसरलेल्या माणसाचं आणखी काय बघायचं? डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत ठेवू. मी मॅनेजरला फोन करून खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "घसरला बोललास ना? मग तेच धरून ठेव. गाडी मिलच्या नावावर आहे." मी बरं म्हणालो आणि माता घेऊन घरी गेलो.

दारात माय उभी होती, ओवाळायला ताट घेऊन. तिने आमच्या घरची रीत म्हणून विचारायचं ते विचारलं, "वाटमा माता खाले टेकनी का रे?" मी म्हणालो, "नही माय, टेकू दिली नाही." आणि हे अगदी खरं होतं! मॅनेजरला सांगितलं ते सोडलं, तर त्या दिवशी तोवर मी बोललेलं तेवढं एकच खरं. माय खूश झाली, माझ्या गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. वहिनी म्हणाली, "भावजी, एकट्यानं आणली, कमाल केली." मी ताट बाजूला सारलं. माता लाल कापडात, उंच फळीवर, तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती, पण राग मात्र मनसोक्त करत होतो. तुला सावरलं म्हणून झालं ना हे? मग आता निस्तर तू.

चारच्या सुमारास राहवेना म्हणून डबा घेऊन दवाखान्यात गेलो. मनाला सांगितलं, चौकशी करून येऊ. तपनची बायको म्हणाली, पोट दुखतंय म्हणतात, नर्सने गॅसचं इंजेक्शन दिलं. उपाशी आहेत ना सकाळपासून. मी कॉटजवळ गेलो. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम. त्याने माझा हात धरला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला. "यहाँ," म्हणाला, "यहाँ कुछ है." पोट फळीसारखं कडक लागलं. मी हात काढून घेतला.

बाहेर बाकावर येऊन बसलो. हँडल कुठे घुसलं होतं ते त्या अख्ख्या दवाखान्यात मला एकट्याला माहीत होतं. आत जाऊन दोन वाक्यं बोलायची होती फक्त. पण मग पोलीस, मग नोकरी, मग जेल, मग त्या बाईचा चेहरा. मी घड्याळाकडे बघायचो, पुन्हा जमिनीकडे. मनातल्या मनात मातेला म्हणालो, तूच सांग त्यांना, तुझ्यामुळे झालंय. किती वेळ गेला कोण जाणे. उठून आत मात्र गेलो नाही.

एक बाई फरशी पुसत माझ्यापर्यंत आली. साठीची असेल, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. पाय वर घे म्हणून तिने पोचा माझ्या पायांना टेकवला आणि मग माझ्याकडे बघून एकदम आमच्या अहिराणीत म्हणाली, "कोना संगे येल शे रे भाऊ? डाक्टर निंघनात घर. काही सांगनं व्हई ते आत्तेच सांगी दे. उद्या ऐतवार, येवाव नहीत त्या." डॉक्टर घरी निघालेत, काही सांगायचं तर आत्ताच सांग, उद्या रविवार, ते यायचे नाहीत.

एवढंच. ती पुसत पुढे गेली. पण माझ्या पायांना जणू कोणी धक्का दिला. मी उठून पळालो. डॉक्टर खाली गाडीचं दार उघडत होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि हात जोडून सगळं ओकून टाकलं. साहेब, तो घसरला नाही. मी मारलं त्याला. रेलिंगला दाबला गेला, हँडल पोटात घुसलं होतं, इथे, डाव्या बाजूला. माझ्या पोटावर बोट ठेवून दाखवलं. "सवारे केम ना बोल्यो?" सकाळीच का नाही बोललास, एवढं म्हणून डॉक्टर धावत वर गेले.

सोनोग्राफीत पोटात रक्त साचलेलं दिसलं. आतल्या आत वाहत होतं सकाळपासून. ॲम्ब्युलन्स आली, मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं ठरलं. स्ट्रेचर खाली नेत होते तेव्हा मी त्याच्या बायकोला जिन्यात थांबवलं आणि तिलाही सांगितलं. ती ओरडली नाही. ज्या हातांनी सकाळी माझे पाय धरले होते ते दोन्ही हात तिने पदराला खसाखसा पुसले आणि स्ट्रेचरमागे गेली.

पोलीस स्टेशनला मी स्वतः गेलो. जबाब झाला, लायसन्स काढून घेतलं, बाकावर बसवलं. मोठा भाऊ मायला घेऊन आला. मला वाटलं, आता ही रडणार. तिने सगळं ऐकून घेतलं. नारळ कसा घरंगळला आणि मी हात कसा घातला, तेही. मग माझ्या डोक्यात एक टपली मारली, चांगली जोरात. "टेकू द्यायची ना रे येड्या! माता खाली टेकली असती तर दूध-पाण्यानं धुऊन घेतली असती, पाया पडलो असतो. तिला काय धाड भरली होती? तिला सांभाळणारा तू कोण मोठा लागून गेलास?" आणि मग रडली.

जामीन होईपर्यंत रविवारची दुपार झाली. बाकावर बसलो होतो तिथे बाहेरून ढोल ऐकू येत होते, कुणाकुणाच्या घरी कानबाई बसत होती. ऑपरेशनचं काही कळलं नव्हतं. लहानपणापासून मी मातेकडे काही ना काही मागतच आलो होतो, पास कर, नोकरी लाव, गाडी नीट चालू दे. त्या वेळी मात्र मागायला तोंडच नव्हतं. त्याला वाचव म्हणायलाही जीभ उचलेना, कारण त्यातसुद्धा मला माझीच सुटका दिसत होती. शेवटी मातेला एवढंच म्हणालो, माय, तू कर काय करायचं ते. त्याचंही आणि माझंही. मी आता मधे हात घालणार नाही. आणि खरं सांगतो, शनिवार सकाळपासून छातीत जे आवळून धरलेलं होतं ते सुटलं. मी भिंतीला डोकं टेकून चक्क झोपलो. भावाने हलवून उठवलं आणि सांगितलं की तपन वाचला.

नोकरी गेली. केस चालू आहे, तारखेला जातो. त्या फरशी पुसणाऱ्या मावशींना शोधत पुढच्या आठवड्यात गेलो होतो. त्या तिथेच होत्या, पोचा पिळत होत्या. मी पाया पडलो तर दचकल्या. त्यांना मी आठवत नव्हतो, काय बोलल्या तेही आठवत नव्हतं. "आसं ते मी समदासले सांगस," म्हणाल्या. सगळ्यांनाच सांगते मी असं. मला त्याचं जास्तच नवल वाटलं.

तपनकडे जायला मात्र दोन महिने लागले. दार त्याच्या बायकोने उघडलं. ओळखलं, बाजूला सरून आत जाऊ दिलं. तो खाटेवर बसला होता, फार वाळलेला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने हाताने थांबवलं.

"वो सब बाद में," तो म्हणाला. "मुझे कुछ याद नहीं है. घर से निकला, फिर सीधा हॉस्पिटल. बीच का तुमको मालूम है. बताओ."

मी सांगितलं. खड्ड्यापासून सांगितलं, नारळ, माझा हात, माझी नजर. काही सोडलं नाही आणि काही सजवलंही नाही. तो डोळे बारीक करून ऐकत होता.

"मैं किस तरफ था?"

"एकदम साइड में. कॅनॉल की तरफ."

"घंटी मारी थी मैंने?"

"मारी थी. दो बार. मैंने सुनी थी."

तो बायकोकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला. ती दारात टेकून उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. त्याने मला हिंदीत सांगितलं, "घर में, कारखाने में, सब बोलते थे, तूने देखा नहीं होगा, तू ही बीच में आया होगा. दो महीने से मैं भी यही सोचता था." आणि भिंतीला पाठ टेकवून त्याने मोठा श्वास सोडला. त्याच्या तोंडावर जे समाधान दिसलं ते मी विसरू शकत नाही. त्याचा दोष नव्हता हे खरं त्याचं होतं, ते मी इतके दिवस माझ्याकडे दाबून ठेवलं होतं, आणि मला वाटत होतं मी फक्त माझी चूक लपवली.

ते माझ्याच हातांनी त्याला परत द्यायला लावलं, यासाठी मी मातेचा ऋणी आहे. त्याने मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. ते त्याच्याकडेच राहू दे.