मेणाचा पाय

चर्चच्या पायऱ्यांशी एक बाई मेणाचे हात, पाय, डोळे विकते. ज्याचं जे दुखतं ते घ्यायचं आणि मरियामातेपुढे ठेवायचं, अशी इथली रीत. अपघातानंतर माझी मुलगी अजून नीट चालत नाही, म्हणून मी पाय घेतला. निरखून पाहिला, तर मेणात जळक्या वातीचा तुकडा अडकलेला.

“वाहिलेलंच मेण वितळवून परत विकता ना?” मी विचारलं.

“हो,” ती शांतपणे म्हणाली. “नाहीतर एवढे पाय ठेवायचे कुठे?”

मी संशयी बाई. प्रार्थनेतही एक डोळा किलकिला ठेवते. डॉक्टर काही लपवत नाहीत ना, फादर उगाच धीर देत नाहीत ना, आणि वर खरंच कुणी ऐकतंय ना, हे बघत राहते.

म्हणजे हा पाय आधी कुणाचा हात असेल, मूल मागणाऱ्या कुणाचं मेणाचं तान्हं बाळ असेल. माझ्यासारखीच कुणी आई हेच मेण घामेजल्या मुठीत धरून या पायऱ्या चढली असेल. तिचं मागणं पुरं झालं का, हे मेणाला विचारून कळत नाही. पण ती चढली होती.

मी पाय मातेपुढे ठेवला आणि डोळे मिटले. दोन्ही.