पाटीवरचा मोकळा रकाना

आदरणीय देविदासजी मेश्राम पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. पाट्या रंगवणाऱ्या आपल्या मंडळींत ते सगळ्यांचे मेश्रामकाका, म्हणून मीही तसंच लिहितो.

त्यांची माझी ओळख हिवाळ्यातल्या एका दुपारी झाली. मी नागपुरात कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या ट्रकवरून उतरलो होतो, पुढे कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. (संत्र्यांचा वास अंगाला दोन दिवस राहतो, पण ते असो.) भटकत सदरमधल्या एका जुन्या वाचनालयात शिरलो. सभागृहात भिंतभर काळी लाकडी पाटी होती. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं तेव्हापासूनच्या राज्यपालांची नावं, त्यापुढे ‘पासून’, त्यापुढे ‘पर्यंत’. काका स्टुलावर बसून नव्या राज्यपालांचं नाव लिहीत होते. खिडकीतलं ऊन एकेका नावावरून सरकत होतं. वाटलं, ही सगळी माणसं एकामागून एक त्या उजेडात येताहेत आणि निघून जाताहेत.

“उभा काहून राहिला गा? डबा पकड,” काका म्हणाले. मी रंगाचा डबा पकडला आणि शिकायला राहिलो.

काकांचा एक नेम आहे. जे पदावर आहेत त्यांच्या ‘पर्यंत’च्या रकान्यात ते काही लिहीत नाहीत, साधी आडवी रेघसुद्धा नाही. “ते जातील तवा पाहू. आपण काहून घाई करावी?”

गेल्या वर्षी पाटी भरली. सगळी नावं नव्या पाटीवर उतरवायची होती. काकांचा हात तोवर थरथरू लागला होता; ही आपली शेवटची मोठी पाटी, असं ते स्वतःच म्हणाले. आखणी माझ्याकडे होती. पुढच्यांना जागा राहावी म्हणून मी प्रभारी राज्यपाल गाळले, म्हणजे एक गेले आणि दुसरे यायचे होते त्या मधल्या दिवसांत कारभार पाहणारे. अर्धी पाटी लिहून झाल्यावर काका थांबले.

“हे मधले कुठं गेले?”

“थोड्याच दिवसांचे होते, काका. कोणाले आठवते?”

“मंग तवा सही कोणाची चालली? खुर्ची का भूत सांभाळत होतं?”

वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, “राहू द्या ना काका, परवा कार्यक्रम आहे.”

काकांनी टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवलं आणि आपलं ओलं लिखाण पुसून टाकलं. आता ओळी वाढणार, अक्षर बारीक होणार. बारीक अक्षर त्यांच्या हाताला जमेल का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

दोन दिवस ते डाव्या हातानं उजवं मनगट धरून लिहीत होते. प्रभारींची ओळ आली की ब्रश माझ्याकडे देत. “तू विसरला, तूच लिही.” पाटीवर माझ्या हातची पहिली नावं तीच.

लिहिताना मला माझंच आठवत होतं. मी तीनदा न सांगता निघून गेलो होतो, एकदा तर पार इटारसीपर्यंत. परतलो की माझा ब्रश रॉकेलमध्ये मऊ ठेवलेला असायचा. कुठे होतास, असं काकांनी कधी विचारलं नाही. “तुझं काम मी सांभाळून राहिलो होतो. घे आता,” एवढंच.

ती पाटी आज भिंतीवर आहे. जवळून पाहिलं तर अक्षरं जरा हलतात, पाण्यातल्यासारखी. पण मधला एकही दिवस रिकामा नाही.

या गौरवग्रंथासाठी काकांच्या नावाची छोटी पाटी मी लिहिली आहे. ‘पासून’खाली त्यांचं जन्मवर्ष आहे. पुढचा रकाना मोकळा आहे, आणि काकांच्या नेमाप्रमाणे तो तसाच राहो, खूप खूप वर्षं. त्यांच्या हाताला, डोळ्यांना आराम मिळो. आपल्यापैकी कोणालाच घाई नाही.