कमठाण्यातली तीन नियमपुस्तकं

२००९च्या मंदीत हैदराबादची नोकरी गेली आणि त्याच महिन्यात अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. मी बिदरजवळच्या आमच्या गावी, कमठाण्याला परत आलो. बॅगेत कपड्यांखाली तीन नियमपुस्तकं होती, झेरॉक्स करून स्पायरल घातलेली. खोलीतल्या मित्रानं शिकवलेला तो खेळ बोलून खेळायचा असतो. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली माणसं होतात, आणि एखादी गोष्ट जमेल की नाही अशी वेळ आली की फासे टाकायचे. नियम मात्र प्रत्येक पुस्तकाचे वेगळे. हैदराबादेत आम्ही कुठले नियम चांगले यावरून तासन् तास भांडायचो.

अप्पा जन्मभर शाळामास्तर. वर्गात बोलायचे, पारावर बोलायचे, कन्नड माणसाशी कन्नडमध्ये आणि बिदरच्या बाजारात दख्खनीत बोलायचे. झटक्यानंतर उजवी बाजू गेली आणि एकच शब्द उरला, व्हय. समजत सगळं होतं, पण तोंडातून तेवढंच निघायचं. नको असेल तेव्हा ते गप्प बसायचे.

आई आधीच गेलेली. अक्का सासर सोडून चार वर्षांपासून माहेरी होती. पुण्याच्या थोरल्या भावाचा फोन यायचा तेव्हा शेवटी एकच वाक्य असायचं, "तू हायसच की तिथं." मला गावाजवळच्याच कोळार औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. सहा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिकडं, रविवारी घरी. अक्काला रविवारही नव्हता. अप्पांना उठवणं, भरवणं, अंग पुसणं, आणि आलेलं प्रत्येक पत्र, पेपरातली प्रत्येक बातमी मोठ्यानं वाचून दाखवणं हे तिचं काम. त्या घरात सकाळी काय होणार ते आदल्या सकाळीच ठाऊक असायचं.

एका रविवारी दुपारी ती म्हणाली, "ते जाडं पुस्तक घेऊन काय करायलास?"

मी सांगितलं. तिला हसू आलं, पण खेळायला बसली.

सुरुवात जाड्या पुस्तकानं केली. वीस बाजूंचा फासा, पानोपानी तक्ते, दोराची लांबी किती आणि तलवारीचं वजन किती याचेसुद्धा नियम. अक्काचं माणूस तयार करायलाच दोन रविवार गेले. त्यात आधी तुम्ही कुठल्या कुळात जन्मलात ते ठरवायचं. एका कुळाला जन्मतः ताकद जास्त, दुसऱ्याला बुद्धी, आणि एका कुळाची बुद्धी मुळातच कमी.

अक्कानं पेन्सिल थांबवली. "म्हंजे जन्मल्या जन्मल्या ठरलं?"

"खेळ आहे गं."

"खेळ हाय म्हणून तर इचारायलेय. आज्यानं धम्म घेतला तो कामून? मी कागदावर परत तेच लिहू?"

अप्पा खाटेवरून म्हणाले, "व्हय." तो व्हय कुणाच्या बाजूचा होता ते लगेच कळलं. जाडं पुस्तक मिटलं. मला राग आला होता, कारण ते मला आवडायचं आणि ती खोटं बोलत नव्हती.

दुसऱ्या पुस्तकात सगळं शंभरात मोजायचं. कुलूप उघडण्यात चाळीस म्हणजे शंभरात चाळीस, फसवाफसवी नाही. अक्काला ते फार पटलं. पण त्यात प्रत्येकाच्या मनाच्या स्थिरतेचाही एक आकडा असतो. भयंकर काही दिसलं की तो उतरतो आणि पूर्वीइतका पुन्हा कधीच चढत नाही. अक्कानं एक बातमीदार बाई घेतली होती. तिसऱ्या रविवारी ती बाई एका बंद घरात अडकली, दार उघडेना, आणि आकडा बारावर आला.

"आता?" अक्कानं विचारलं.

"आता तिला खोलीतच राहावं लागेल. भीती वाटत राहील."

तिनं कागद माझ्याकडं सरकवला. "हे मला न्हाई खेळता येत," म्हणाली आणि भाकरी थापायला उठली.

तिसरं पुस्तक बारा पानांचं होतं. लुडोतले साधे दोन फासे. माणूस दहा मिनिटांत तयार: नाव, काय चांगलं येतं, काय हवं आहे. बेरीज मोठी आली तर जमलं. लहान आली तर नवं संकट. मधली आली तर जमतं, पण काहीतरी द्यावं लागतं. काहीच घडलं नाही, असं या खेळात होऊच शकत नाही. आमच्या घरात बसून तो नियम वाचताना मला पहिल्यांदा त्याची किंमत कळली.

अक्का बस चालवणारी बाई झाली. खजुरी गावची.

"तिला काय पाहिजे?"

"गाडी थांबवायची न्हाई. एवढंच."

तेवढ्यात अप्पांनी डाव्या हातानं खाटेवर थाप मारली. त्यांनाही खेळायचं होतं. मी एकेक माणूस सुचवत गेलो, प्रवासी, मेकॅनिक, पोलीस. ते गप्प. कंडक्टर म्हटल्यावर म्हणाले, "व्हय!" तसंच खेळायचं ठरलं. मी पर्याय सांगायचे, हवा त्यावर ते बोलणार. फासे ते डाव्या हातानं स्टीलच्या ताटात टाकायचे. ते पाच-सहा रविवार आम्ही तिघं खरोखर हसलो.

मग एका रविवारी बस महाराष्ट्राच्या हद्दीजवळच्या ओढ्यावर आली. पाणी पुलावरून चाललेलं.

अक्कानं विचारलं, "कंडक्टर अण्णा, घालू का गाडी?"

"व्हय."

ताटात मधली बेरीज आली. म्हणजे गाडी पार होणार, पण काहीतरी जाणार. काय, ते मी अप्पांना विचारलं. टपावरचं सामान वाहून गेलं? गप्प. इंजिन बिघडलं? गप्प. दोर बांधायला उतरलेला कंडक्टर अलीकडंच राहिला?

"व्हय," अप्पा म्हणाले. अक्काकडं बघत. आणि पुन्हा, "व्हय. व्हय."

अक्का रडायला लागली. मला काही कळेना. मग डोळे पुसत तिनं डब्यातून एक लिफाफा काढून दिला. लातूरला मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा, राहण्याची सोय, हजर व्हायला दहा दिवस उरलेले. तिनं ते पत्र फक्त अप्पांना वाचून दाखवलं होतं, रोजच्या सवयीनं, आणि मग ठेवून दिलं होतं.

"मी गेले तर ह्यांचं कोण करंल?" ती म्हणाली.

"मी आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

ती गेली. दिवसा अप्पांकडं बघायला शेजारच्या मावशी येऊ लागल्या, सकाळ-संध्याकाळ मी. मला आनंद झाला होता, तसा घुसमटून रागही आला होता. त्या पुलावर अप्पांनी स्वतःला मागं ठेवलं, पण त्यांच्याबरोबर मीही अलीकडंच राहिलो होतो. माझ्यासाठी फासे कुणी टाकले नव्हते.

एकदा दाढी करताना मी विचारूनच टाकलं, "अप्पा, मीबी हैदराबादला परत जाऊ का?"

ते माझ्याकडं बघत राहिले. ओठ हलले. तो एक शब्द त्यांच्याजवळ होता, कधीही निघायचा, पण त्या दिवशी त्यांनी तो काढला नाही. डोळ्यांतून पाणी आलं, साबणाच्या फेसात मिसळलं. मी वस्तरा धुतला आणि दुसरा गाल केला.

अप्पा आणखी दोन वर्षं होते. तोवर हैदराबादचा मित्र परदेशी गेला होता, आणि मला कोळारमध्ये कायम केलं होतं.

तिन्हींतलं आवडतं कुठलं, असं अक्का अजून लातूरहून विचारते. मी बारा पानांच्या पुस्तकाचंच नाव घेतो, आणि ते खरं आहे. पण त्याला समोर माणसं लागतात. एकट्यानं चालतं ते जाडं पुस्तक. रविवारी दुपारी मी तेच काढतो, कुळाचा रकाना कोरा ठेवतो आणि एक नवा माणूस तयार करतो. त्याच्या पिशवीत काय काय, दोर किती हात, दिवसाला किती कोस चालेल, सगळं लिहितो. अशा माणसांच्या तीन वह्या भरल्या आहेत. त्यातला एकही अजून कुठं निघालेला नाही.