बायकांचा पंप

अमोनियाचा तो झोंबरा वास अजून माझ्या नाकात मुक्कामाला आहे. त्याच्या वाफेत छापलेले निळ्या रेघांचे दमट नकाशे, चिकलठाण्याच्या कारखान्यातली नकाशे काढायची उंच मेजं, आणि त्यांतल्या एकासमोर विराजमान झालेली चोवीस वर्षांची अतिशहाणी मी! त्याच मेजावर मी एक घोर मूर्खपणा केला. पाठीवर घ्यायचा फवारणी पंप आम्ही पुरुषांसाठी बनवत होतो. साहेबांना आता बायकांसाठी हलका पंप हवा होता. मी जुन्या नकाशावर ट्रेसिंगचा कागद पसरला, टाकी लहान केली, गुलाबी रंग सुचवला, आणि पाठीला टेकणारा लोखंडी सांगाडा जसाच्या तसा गिरवला.

"दोन महिन्यांचं काम एका दुपारीत उरकलंत की!" साहेब म्हणाले. आठवडाभर माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

एकदा नीट जमलेलं पुन्हा वापरावं, यात पाप कसलं? प्रत्येक यंत्रासाठी नवा खिळा घडवत बसलं तर कारखाने चालतील कसे? माझी नात आज संगणकावर एकाच सांगाड्यातून दहा यंत्रं काढते. मला कौतुक वाटतं, आणि धास्तीही. नकाशा मापं सांगतो. ती कुणाच्या देहावरून घेतली, हे विचारल्याशिवाय सांगत नाही. आणि विचारणं त्या गुलाबी विदुषीला कुठलं सुचायला!

पंप चाचणीसाठी वैजापूरकडच्या कपाशीत गेले. कौसाबाई नावाची शेतमजूर तिथं आठवडाभर माझं कर्तृत्व पाठीवर वाहत होती. सांगाड्याची जी खालची पट्टी पुरुषाच्या कमरेला टेके, ती तिच्या माकडहाडावर पावलागणिक आदळत राहिली. तक्रार आली म्हणून मला पाठवलं, तेव्हा ती घरात पालथी पडली होती. डॉक्टरांनी वाकायचं काम कायमचं बंद सांगितलं होतं. आणि खुरपणं काय, वेचणं काय, वाकण्यावाचून तिच्या हाताला दुसरं काम कुठलं?

"आधीच सांगितलं का नाहीस गं?" मी उलट तिलाच दटावलं. केवढी ही निर्लज्ज विद्वत्ता!

"सांगितलं की. मुकादम म्हनला, बायकांसाठीच बनवलाय, व्हईल सवय."

मी खाली मान घालून माफी मागू लागले. तिनं कण्हत मान वळवली, मला पायापासून डोक्यापर्यंत सावकाश न्याहाळलं. डोळ्यांत राग नव्हता, निव्वळ नवल होतं.

"बाई, तुमी तर माझ्याहून बी बुटक्या. मंग ह्ये माप कुणाच्या पाठीचं घेतलं व्हतं?"