विहिरीजवळची पट्टी

राखी बांधून झाली. दादानं दरवर्षीप्रमाणे साडीची पिशवी माझ्यापुढे सरकवली आणि मी ती परत त्याच्याकडे सरकवली.

"मले या वर्षी साडी नको, दादा. थोडी जागा दे."

मोहगावला, माझ्या माहेरी, दरवर्षीसारखेच सगळे जमलो होतो. वहिनी पुऱ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. दादा हातातल्या राखीचा गोंडा चाचपत राहिला. आमच्या ह्यांनी मोबाइलमधून मान वर केली आणि डोळ्यांनीच विचारलं, हे काय बोलून बसलीस?

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. बाबा गेल्यावर मी वावरावरचा हक्क सोडल्याची सही केली होती. राजीखुशीनं केली होती आणि नंतर त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. आता निवृत्त झाल्यावर अचानक मी भावाकडे जागा मागत होते!

"अवं, भाजी लावाले म्हणते मी," मी घाईघाईनं म्हटलं. "विहिरीजवळची ती पट्टी पडीत आहे ना? एका मोसमासाठी दे."

दादा गरजेपेक्षा जास्त मोठ्यानं हसला. "मंग असं सांग ना! मी म्हटलं, बाईनं आता वकील धरला का काय. घे ना बाप्पा, मोसमभर काहून, पाहिजे तितके दिवस घे."

वहिनीचं लाटणं पुन्हा चालू झालं, पण ती हसली नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून सौंसरच्या आमच्या घराच्या गच्चीवर मी कुंड्यांमध्ये नाना प्रयोग केले होते. मिरच्या आल्या, पुदिना आला, एक पपई हट्टानं उगवली आणि कुंडीतच आडवी झाली. पण कुंडीतली माती हाताला लागली की मला आमच्या वावराची काळी माती आठवायची. पायाच्या बोटांच्या बेचक्यात शिरणारी, धुतली तरी नखांत राहणारी. मुलं पुण्यात, घरात आम्ही दोघंच, आणि सकाळ संपता संपत नव्हती. मोहगाव स्कूटीवर सहज जाण्यासारखं. मग राहवलं नाही.

पोळा झाल्यावर आम्ही पट्टी पाहायला गेलो. विहीर आणि गोठा यांच्यामधली ती जागा. पूर्वी तिथं संत्र्याची एक ओळ होती. डिंक्या रोगानं झाडं वाळली तेव्हा दादानं ती तोडली, पण बुडखे तसेच ठेवले. त्यांच्याभोवती गाजरगवत छातीएवढं वाढलेलं. खाली हराळीचं जाळं. एका बाजूला वहिनीनं चुलीसाठी रचून ठेवलेला पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, ढीग, विहिरीच्या बांधकामातून उरलेले दगड, आणि फुटक्या पाइपांचं भेंडोळं.

"इथं भाजी?" हे म्हणाले. "इथं तर साप निंघन."

"निंघाला तर त्याले जाऊ देऊ," मी म्हटलं.

हे सरकारी नोकरीत होते आणि कुठलंही काम कागदावर उतरल्याशिवाय त्यांना ते काम वाटत नाही. घरी आल्यावर त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पट्टीचा नकाशा काढला. फुलकोबी, पत्ताकोबी, गाजर, वाटाणा, सगळं सरळ रेषेत. मधोमध एक चौकोन होता.

"हे काय?"

"बसायची जागा. बाकडं ठेवू."

"भाजीच्या मधात बाकडं?"

"अवं, मग मी काय करू तिथं? तू तर दिवसभर वाकून राहशील."

बरेच दिवस आम्ही त्या पत्रिकेवर भांडलो. मला मेथी, पालक, मुळा, लसूण आणि सांबार हवा होता. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात, आणि घरचा ताजा सांबार असला की मला दुसरं काही लागत नाही. ह्यांना कोबी सोडवत नव्हती. शेवटी बाकडं कडुनिंबाखाली गेलं, कोबीला एक वाफा मिळाला, आणि तह झाला.

नवरात्र संपल्यावर कामाला लागलो. जमिनीत अजून ओल होती, कुदळ सहज रुतत होती. गावातल्या बाया कापूस वेचायला जायच्या, तेव्हा मजूर मिळणं शक्यच नव्हतं. ट्रॅक्टर त्या चिंचोळ्या जागेत वळत नव्हता. मग आम्ही दोघं, विळा, कुदळ आणि टोपलं.

पहिल्या दिवशी गाजरगवत उपटलं. हे रुमाल तोंडाला बांधून, नवीन टोपी घालून आले होते, तरी संध्याकाळपर्यंत शिंकत होते. दुसऱ्या खेपेला दगड वेचून बांधाला लावले. हराळीनं मात्र दम काढला. वरून उपटावी तर खालून पांढरी मुळी हसत असायची. मी मांडी घालून बसायचे आणि एकेक मुळी मातीतून ओढत जायचे. कधी हातभर लांब निघायची. अशी अख्खी मुळी हाताला आली की मला जो आनंद व्हायचा, तो शाळेत निकाल चांगला लागल्यावरही झाल्याचं आठवत नाही.

बुडखे काढायला दादा आला. त्यानं आणि ह्यांनी मिळून पहारीनं ते उखडले. शेवटचा बुडखा निघाला तेव्हा दोघंही मागच्या मागे मातीत बसले, आणि एकमेकांकडे पाहून पोरांसारखे हसत सुटले.

"जवाईबापू, नौकरीत इतकं काम केलं असतं तर साहेब झाले असते तुम्ही," दादा म्हणाला.

"साहेबच होतो मी," हे धापा टाकत म्हणाले.

मग दादानं बैल आणून वखर फिरवला. आडवा आणि उभा. जमीन उघडी पडली आणि तो वास आला. बाबा वखराच्या मागे चालायचे आणि मी त्यांच्या मागे अनवाणी, उकरलेल्या ढेकळांतून. मी चपला काढल्या आणि तशीच थोडी चालून घेतली. 

या सगळ्या दिवसांत वहिनी रोज चहा घेऊन यायची. कप बांधावर ठेवायची आणि उभ्या उभ्याच परत जायची. पट्टीत पाय ठेवायची नाही. बोलायची, पण कामापुरतं. मला वाटलं, तिचा पऱ्हाटीचा ढीग आम्ही हलवला म्हणून रागावली असेल. मी तो गोठ्यामागे नीट रचून दिला, वर ताडपत्री टाकली. तरी तेच.

एक दिवस हे आणि दादा शेणखत भरायला उकिरड्यावर गेले होते. वहिनी चहा ठेवून वळली, तसा मी तिचा हात धरला.

"वहिनी, तुमाले राग आला का माहा? खरं सांगा. मी हे सगळं उगाच मांडलं का?"

ती हात सोडवून घेईल असं वाटलं होतं. पण ती बांधावर टेकली. वखरलेल्या मातीतलं एक ढेकूळ उचलून तिनं चुरडलं.

"राग नाही आला, बाई," ती म्हणाली. "वाईट वाटलं थोडसं. मी लग्न होऊन आली तवापासून या वावरात राबून राहिली. निंदलं, वेचलं, संत्रं तोडलं. पण काय पेरायचं, हे मले कधी कोणी इचारलं नाही. पहिले मामंजी ठरवत, मंग तुमचे दादा. तुम्ही राखीले आल्या, एका शब्दात जागा मांगितली, आन् तुमाले भेटली." तिनं पदराला हात पुसले. "मांगता येते, हेच मले सुचलं नव्हतं."

 मी या घरची मुलगी, वर्षातून चारदा येणारी पाहुणी. आणि ही रोज पहाटे उठून याच विहिरीवर येणारी बाई.

"मंग अर्धी तुमची," मी म्हटलं.

"अर्धी काय करू? बाकीचं काम कोण पाह्यन?" ती पहिल्यांदा हसली. "दोन वाफे द्या. इकडचे, विहिरीच्या अंगाचे."

"काय लावता?"

ती उठली आणि घराकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात फडक्याची पुरचुंडी होती. आत वांग्याचं बी. तिचं माहेर बोरगावकडचं. तिची आई लावायची ते गावरानी वांगं, पांढरट हिरवं, भाजलं की लोण्यासारखं होणारं. लग्नानंतर ती हे बी घेऊन आली होती. लावायला जागा नव्हती, म्हणून न्हाणीच्या सांडपाण्यावर दरवर्षी एकच झाड लावायची आणि त्याचं एक वांगं बियाण्यासाठी पिकवायची. इतकी वर्षं मी त्या न्हाणीजवळून जात होते. तिथं एक वांग्याचं झाड असतं हे मला माहीत होतं, पण ते कोणाचं आणि कशासाठी, हे कधी मनात आलं नव्हतं.

दादा आणि हे शेणखताची टोपली घेऊन आले तेव्हा आम्ही दोघी फावड्यानं वरंबे ओढत होतो. दादा थबकला.

"तू काय करून राहिली इथं?"

"वांगे लावून राहिली," वहिनी मान वर न करता म्हणाली.

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी खत पसरवण्यात गुंतले. त्यानं टोपलं ठेवलं, डोक्याचा दुपट्टा काढून तोंड पुसलं आणि म्हणाला, "मंग पाण्याचं कसं? या कोपऱ्यापर्यंत पाट नाही येत."

"तेच तर पाह्यचं आहे," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा विहिरीच्या मोटारीपासून नवीन पाइप टाकलेला होता, आणि त्याचं तोंड वहिनीच्या वाफ्यात होतं. आमच्या मेथीपर्यंत पाणी नंतर यायचं. ह्यांनी पत्रिका काढून पाहिली, त्यात असं काही नव्हतं. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली.

वहिनीनं बी टाकलं, पण वांग्याची रोपं तयार व्हायला वेळ होता. तोवर आम्ही मेथी, पालक, मुळा पेरला, लसणाच्या पाकळ्या टोचल्या, सांबारासाठी धणे रगडून टाकले, ह्यांच्या कोबीची विकतची रोपं लावली. बांधाच्या कडेनं वहिनीनं भेदरं लावायची ठरवली, ती लहान आंबट टमाटरं. कडुनिंबाखाली बाकड्याऐवजी दादानं विहिरीचा एक सपाट दगड आणून टाकला. त्यावर हे बसतात, आम्हाला सूचना करतात, आणि आम्ही त्या ऐकत नाही.

दिवाळी होऊन पंधरवडा झाल्यावर वांग्याची रोपं वाफ्यात गेली. वहिनीनं प्रत्येक रोपाच्या बुडाशी माती दाबली आणि तांब्यानं पाणी घातलं, पाइप असूनही. 

आता सकाळी आमचा चहा होतो न होतो तोच फोन वाजतो. "बाई, मेथी निंघाली." "बाई, मुळ्याले कीड दिसून राहिली, राख टाकू का?" "बाई, तुमचे दादा म्हणतात, उन्हाळ्यात काकडी लावा. मी म्हटलं, पाहू." हे शेवटचं वाक्य ती थोडं हळू बोलते, दादा जवळच असेल म्हणून, पण त्यातली खुशी मला सौंसरपर्यंत ऐकू येते.

परवाच्या रविवारी आम्ही चौघांनी बांधावर बसून जेवण केलं. ज्वारीची भाकर, ठेचा आणि दुसऱ्या पेऱ्याच्या कोवळ्या मेथीची भाजी. मेथी थोडी कडसर होती. ह्यांनी कोबीला अजून गड्डा का धरला नाही म्हणून चिंता व्यक्त केली. दादानं दुसरी भाकर घेतली. वहिनी जेवताना उठून एकदा वांग्याच्या वाफ्यापर्यंत जाऊन आली, एक पान उलटून पाहिलं, आणि परत बसली.

"फूल धरलं," ती म्हणाली, आणि भाजी वाढायला लागली.