पेटी वाजते तिथे

पेडणे तालुक्यात आजवर जेवढी माणसं जन्माला आली, त्यांत दुसऱ्याला दमवण्याच्या बाबतीत आमच्या भावोजींच्या पासंगालाही पुरेल असं कुणी झालेलं नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. मी डिचोलीला मास्तरकी करून निवृत्त झालेला, जेवून पडावं आणि चहाला उठावं एवढीच इच्छा बाळगणारा माणूस. पण भावोजींचा फोन यायचा तो नेमका माझी पाठ टेकल्यावर. "निजलास?" असं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता सांगायचं, "ऊठ, हें आयक!" मग कानात एक अकॉर्डियन केकाटू लागायचं, मागून फिडल रडू लागायचं, आणि माझ्या झोपेचं वाटोळं झालेलं असायचं. बरं, एवढं करून वर म्हणणार, "पण ह्यात मजा ना रे. मोबायलातलं गाणं म्हणजे डब्यातला बांगडा. नाच जिवंत पेटीवर व्हायला हवा."

हे खूळ त्यांनी आणलं अमेरिकेहून. तरुणपणी ते मुरगावला बोटीवर चढले, खानसामा म्हणून. एकदा बोट न्यू ऑर्लिन्सला लागली. संध्याकाळची सुट्टी होती. हिंडता हिंडता एका मोठ्या हॉलातून पेटीसारखा सूर ऐकू आला आणि भावोजी आत शिरले. तिथे केजन लोकांचा नाच चालला होता. केजन म्हणजे त्या मुलखातले मूळचे फ्रेंच बोलणारे शेतकरी आणि मासेमार. एकाच्या गळ्यात अकॉर्डियन, दुसऱ्याच्या खांद्यावर फिडल, तिसरा लोखंडाचा त्रिकोण वाजवतोय आणि म्हातारे-कोतारे, पोरंटोरं सगळी जोड्या करून हॉलभर गोल फिरताहेत. "आमचेच लोक ते!" भावोजी सांगत. "शीत खातात, कुर्ल्यो खातात, मोठ्यानं बोलतात. फक्त देव वेगळा."

आपल्याकडे भजनाला पेटी लागली की वहाणा बाहेर. भावोजींना तेवढंच ठाऊक. त्यांनी दारातच बूट काढले, ओळीत लावले आणि हात जोडून आत गेले. दारावरच्या म्हातारीला वाटलं, बूट चावताहेत. भावोजींनी खाणाखुणांनी सांगितलं की पेटी वाजते तिथे पायांत काही घालायचं नसतं. म्हातारी खो खो हसली, तिनेही आपले बूट काढले आणि भावोजींना हाताला धरून नाचायला नेलं. हा प्रसंग मी इतक्यांदा ऐकलाय की त्या म्हातारीला मी आता रस्त्यात ओळखेन.

तेव्हापासून हा माणूस कधी नीट चालला नाही. नारळ खवताना पाय चालूच, बसची वाट बघताना दोन पावलं इकडे, दोन तिकडे. काजूच्या मोसमात शेजाऱ्याच्या भट्टीवर बोंडं पायांनी मळायला हौसेने गेले आणि एक-दोन-तीन, एक-दोन-तीन करत गिरक्या घेऊ लागले. अर्धी बोंडं बाहेर. शेजारी कपाळाला हात लावून ओरडला, "अहो नाचताय काय, मळा!" त्या मोसमातलं हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, प्यायलं की पाय आपोआप थिरकतात असं भावोजी छातीठोक सांगत. मी प्यायलो. माझं फक्त डोकं दुखलं.

पण या सगळ्याच्या मुळाशी त्यांची एकच इच्छा होती, आणि ती पुरी होत नव्हती. त्यांना ताईबरोबर नाचायचं होतं. ताई म्हणायची, "शरम ना तुमका? लोक तोंडात शेण घालतील." गंमत अशी की ताई स्वतः गावातली नावाजलेली नाचणारी. पौषात मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या अंगणात, रात्री बायकांचे धालो नाच होतात, तेव्हा समोरासमोरच्या दोन ओळींतली पहिली ओळ तीच चालवते. पण आमच्याकडे धालोच्या मांडावर पुरुषांना मज्जाव. लांबून डोकावलं तरी बायका पिटाळून लावतात. त्यामुळे सगळ्या गावातल्या बायकांनी ताईचा नाच बघितलेला, आणि नवऱ्याने तेवढा नाही. भावोजी घराच्या पायरीवर बसून नुसतं ऐकायचे.

आणि मग ऐकणंही जाऊ लागलं. उजवा कान संपला. डावाही फार दिवस साथ देणार नाही, असं म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी भावोजी पहिल्यांदाच घरापर्यंत सरळ चालत आले, असं ताईने मला फोनवर सांगितलं. ती रडत होती.

थोड्याच दिवसांत त्यांनी मोबाइलवर शोधून काढलं की लुइझियानाचा एक केजन बँड बंगळूरला येतोय. ताई म्हणाली, "मी येतंय. पण नाचूचंय नाय, आधीच सांगतंय. आणि भाऊक बरोबर घ्या, तुमचो भरवसो ना." झालं! बसमध्ये माझी कंबर मोडली, मान आखडली. बंगळूरच्या त्या रहदारीत रिक्षात बसून मी देवाला विचारलं, बाबा रे, माझा यात काय गुन्हा?

हॉल झकपक. सगळी तरुण पोरं. भावोजींनी दारात बूट काढले. दरवान गोंधळला, "सर, शूज?" भावोजी म्हणाले, "पेटी आहे ना आत?" ताईने निमूट आपल्या चपला काढल्या, सगळ्यांच्या वहाणा पिशवीत भरल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन भिंतीला बसली. अकॉर्डियन सुरू झालं. भावोजी पार पुढे गेले आणि डावा कान त्या पेटीकडे करून उभे राहिले. नाचले नाहीत, नुसते उभे. मग वळले, आमच्याकडे आले आणि ताईपुढे हात केला.

"माका तुमचो नाच येना," ताई म्हणाली.

"तुजो नाच."

"आणि वहाणा कोण राखतलो?"

मला देवळात, लग्नात, सगळीकडे वहाणांजवळ बसवून ठेवतात. जन्माचा कंटाळा आलाय मला त्या कामाचा. पण मी पिशवी तिच्या मांडीवरून उचलली आणि म्हटलं, "मी राखतो. जा तू."

ताईने पदर खोचला. भावोजींचे हात बाजूला सारून ती त्यांच्यासमोर उभी राहिली, जशी मांडावर राहते तशी. पुढे आली, किंचित वाकली, मागे गेली. पुन्हा पुढे, पुन्हा वाकली. भावोजींची ती कुठलीशी दोन पावलं तिच्याशी मुळीच जुळत नव्हती. पोरांनी भोवती जागा करून दिली. भावोजी थांबले. ते नाचायचं विसरले आणि बघतच राहिले, तोंड उघडं टाकून. "अहो, पाय हालयात की!" ताई करवादली. मला हसू आलं. पिशवी घट्ट धरून मी बसून राहिलो.

आता भावोजींना काहीच ऐकू येत नाही. दुपारी फोन येत नाही. मी स्वस्थ पडून राहतो, पण झोप म्हणून लागत नाही. यंदा पौषात पेडण्याला गेलो होतो. जेवणं उरकून ताई मांडावर गेली आणि आम्ही दोघे पायरीवर बसलो. बायकांचं गाणं वाऱ्याबरोबर येऊ लागलं. भावोजी माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सुरू झालं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. भावोजींनी पायांतल्या चपला काढल्या आणि पायरीखाली ओळीत लावून ठेवल्या.