साफ मोहफुलं
बाजारात मोहफुलांचा गोड, आंबूस वास आला की कारंज्याच्या जंगलाकाठचं आमचं पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं क्वार्टर आठवतं आणि पुन्हा चिडायला होतं. चैत्र होता. नवरा फॉरेस्ट गार्ड. वणवा विझवायला गेला त्याला तीन दिवस झालेले, निरोपाचा पत्ता नाही. पोरीचा ताप, विहिरीचं पाणी, सगळं माझ्याच डोक्यावर. तिसऱ्या सकाळी गावातली एक बाई टोपलीभर मोहफुलं घेऊन आली. त्यात काडी नाही, कचरा नाही. मी खूश होऊन तिला ज्वारी दिली, फुलांच्या रसात कणीक मळून पुऱ्या तळल्या. दुपारी हे आले ते भुवया जाळून घेऊनच. जेवता जेवता उरलेल्या फुलांकडे बघत राहिले. “झाडाखालचा पाला जाळल्याबिगर इतके साफ फुलं भेटत नाई. त्याच आगीनं जंगल पेटते. इचारलं काय तिले?” “इचारायले तुम्ही घरी होते काय?” मी फाडकन बोलले. त्यांनी ताटातल्या पुऱ्या संपवल्या. माझ्या ताटातली पुरी मात्र मी तशीच ठेवली. अजूनही मोह घेताना मी आधी त्यात पाला शोधते. नसला, तर टोपली परत करते.